उडीसाठी वर्ष ओढून घेणे

रविवार, कार्तिक वद्य पंचमी. दुर्गाघाटावरचं आमचं घर, सकाळ. हजर: सासूबाई, वन्सं, शेजारचे गुरुजी आणि मी.

गुरुजी चहा घेत नाहीत म्हणून दूध ठेवलं. तोवर वन्संनी माझी उजळणी घ्यायला सुरुवात केली. विमानातून उडी मारायची म्हणजे नुसती मारायची नसते. पोट पुढे, पाय मागे दुमडलेले, हनुवटी वर. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही पाय समोर उचलून धरायचे. पहिला भाग मी बुटक्या स्टुलावर पालथी पडून करत होते.

"वहिनी, बिलकुल पालीसारखी दिसतेस," वन्सं म्हणाल्या.

"पाल भिंत धरून तरी असते," सासूबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

उडीचं खूळ मुळात माझ्या नवऱ्याचं. मी बँकेतून निवृत्त झाले की दोघांनी हरियाणातल्या एका हवाईपट्टीवर जायचं, शिक्षकाच्या छातीला बांधून घ्यायचं आणि खाली यायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आषाढात ते कामाने नदीपलीकडे रामनगरला गेले. स्कूटर नीट स्टँडवर लावली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, माणूस दमलाय. बऱ्याच वेळाने कोणीतरी हलवून पाहिलं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन फाल्गुनात ठरलं होतं. त्यानंतर उडी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पौष-माघात तिकडे धुकं असतं. म्हणजे हाताशी उरला मार्गशीर्ष. तंदुरुस्तीचा दाखला आणला, नाडीचे बूट घेतले, चष्म्याला मागून बांधायची दोरी करून घेतली. अडचण एकच होती. आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत हौसेचं काही करत नाहीत. पण घरात लग्न अडलं असेल तर उरलेली मासिक श्राद्धं ओढून घेऊन वर्ष आधीच पुरं करता येतं. त्यासाठीच मी गुरुजींना बोलावलं होतं.

"शास्त्रात बसतं," गुरुजी म्हणाले. "पण ओढतात ते मंगलकार्यासाठी. उडीसाठी अजून कोणी विचारलं नव्हतं."

"मग पहिला मान आमच्या वहिनीचा," वन्सं म्हणाल्या.

"पुढच्या आठवड्यात जमेल का?" मी विचारलं.

सासूबाई इतका वेळ वाती वळत होत्या. त्यांनी कापूस खाली ठेवला.

"वर्षभर तो या घरात आहे असं मी धरून चाललेय," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले. उरलेले आठ तू एका सकाळी उरकणार?"

मी स्टूल उचलून भिंतीशी लावलं.

"राहू द्या आई. नाही जात मी."

"जाऊ नको कुठे म्हटलं? वर्ष ओढू नको म्हटलं." मग त्यांनी विचारलं, "त्या शिक्षकाला तुला पक्कं बांधतात ना?"

"चार ठिकाणी."

"मधे सुटत नाही?"

"नाही."

"म्हणजे तुझ्याजवळ कोणीतरी असेल," त्या म्हणाल्या. "मग जा. वर्ष व्हायच्या आत गेलीस म्हणून कोणी बोललं, तर त्यांना मी बघून घेईन."

वन्सं पदर तोंडाला लावून आत गेल्या. गुरुजींनी दूध अर्धंच घेतलं आणि दक्षिणेचं नाव न काढता उठले. सासूबाईंनी पुन्हा कापूस हातात घेतला, पण वात काही नीट वळेना.

आता हवाईपट्टीवर फोन करून दिवस पक्का करायचा, एवढंच काम होतं. रविवारी त्यांच्याकडे गर्दी असते म्हणून केला नाही. सोमवारी आमच्या बँकेत गर्दी होती. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नंबर लावला. पलीकडून एका मुलीने अगदी नम्रपणे विचारलं, "जी, कितने लोग?"

मी फोन ठेवून दिला. तो अजून करायचा राहिला आहे.