कळंबचं चित्रण घेऊन मढला

कराडहून पहाटेची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत दोन साड्या, सदाच्या बीपीच्या गोळ्या आणि एक कोरा पेनड्राइव्ह होता. सदा माझा धाकटा भाऊ. वीस वर्षं ट्रक चालवतो. चार दिवसांपूर्वी पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबजवळ त्याच्या ट्रकपुढे एक मोटारसायकल आडवी झाली. चालवणाऱ्याचा पाय मोडला, आणि ट्रकनंच उडवलं म्हणून सदावर गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला, पण ट्रक पोलिसांच्या आवारात अडकला. फोनवर तो म्हणाला, "आक्का, काचेला कॅमेरा हाय, पण कोण बघतच न्हाई." मी तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात लिपिक होते. न पाहिलेला पुरावा कसा विरून जातो, हे मला ठाऊक होतं.

दुपारी कळंबला उतरले. रस्त्यालगत ऊस आणि टोमॅटोचे मळे, मधून सुसाट वाहनं. सदानं जागा दाखवली. डांबरावर घसरल्याचा पांढरा ओरखडा अजून होता.

"पिकअपवाल्यानं डावीकडनं घुसून त्याच्या हँडलला घासलं," तो म्हणाला. "मी ब्रेक दाबला. माणूस बाजूला पडला, पण त्याची गाडी घसरत माझ्या बंपरखाली आली. लोकांनी तेवढंच बघितलं."

"कॅमेऱ्याचं काय केलंस?"

"त्याला दवाखान्यात धाडलं, मग पहिल्यांदा वायर उपसली. गाडी चालू राहिली की जुनं पुसून नवं भरतं ते."

शहाणा माझा भाऊ!

पोलीस ठाण्यातले हवालदार वाईट नव्हते, दमलेले होते. "बाई, मोबाईलवर घेऊन या व्हिडिओ," ते म्हणाले.

"मोबाईलवर नको, साहेब. मूळ कार्ड दोन पंचांसमोर काढा, सील करा आणि पंचनाम्याची नक्कल द्या."

"आमच्या कॉम्प्युटरवर ते उघडत नाही. जाणकार माणूस आणा, मग बघू."

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी तरी मिळेल, असं चहावाल्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये बसले आणि उतरले अवसरी बुद्रुकला! कॉलेज खुर्दला. "पावणं, आवसरी दोन हायती," एक आजोबा हसले. उन्हातून मिळेल त्या वाहनानं, उरलेलं पायी, कॉलेज गाठलं. प्रयोगशाळेतल्या काळेसरांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी सोडून स्कूटर काढली.

पंचांसमोर कार्ड निघालं. सरांनी एक प्रत पोलिसांसाठी, एक माझ्या पेनड्राइव्हवर केली, तीच माझ्या मोबाईलवरही दिली, मूळ कार्ड पाकिटात सील झालं. पडद्यावर पिकअप आली, घासली, निघून गेली. नंबराचे शेवटचे चार आकडे स्पष्ट होते. हवालदारांनी तेवढा तुकडा तीनदा पाहिला.

"तपासात घेतो," ते म्हणाले. "पण जखमीचा जबाब ट्रकविरुद्ध आहे, हे ध्यानात ठेवा."

त्या दुपारी कोपऱ्यावरच्या खाणावळीत मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) खाल्ली. रस्सा इतका झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं. सदाला घास जात नव्हता. "त्या माणसाला एकदा बघायचंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू थांब. मी जाते."

पाय मोडलेल्या त्या गृहस्थांचं नाव लक्ष्मण, गाव मढ. जुन्नरहून गणेशखिंड ओलांडली, तशी हवा थंड झाली. डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) पिवळी पडत होती. घर विचारत गेले. ओट्यावर त्यांच्या पत्नी हिराबाई तांदूळ पाखडत होत्या.

"मी ट्रकवाल्याची बहीण," मी आधीच सांगितलं.

सूप थांबलं. "मिटवायला आलाय व्हय? आमचं काय मिटायचं न्हाई."

"मिटवायला नाही. जबाब बदला, असंही म्हणणार नाही. काय घडलं ते एकदा पाहा. धडक देणारा पळून गेलाय, त्याचा नंबर यात आहे."

त्यांनी सूप भिंतीला टेकवलं. मग म्हणाल्या, "आत या. त्यास्नीबी दावा."

लक्ष्मणभाऊ खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये. मी मोबाईल धरला. पिकअप घासून गेली, तेव्हा हिराबाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, इथंच थांबवावं. तेवढ्यात सदा धावत चित्रात आला. गुडघ्यावर बसला, अंगातला शर्ट काढून त्यांच्या डोक्याखाली दिला. आवाजही आला: "दादा, हलू नका. मी हाय हितं. कुठं जात न्हाई."

लक्ष्मणभाऊंनी डोळे मिटले. "परत लावा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं.

"ह्यो आवाज मला रोज आठवतोय. मी समजत व्हतो, कोण गावकरी आसंल. त्योच ट्रकवाला, हे मला माहीतच नव्हतं. हॉर्न ऐकला अन् ट्रक दिसला, तेच सांगितलं मी."

हिराबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. "उद्या गाडी करून ह्यास्नी नेते," त्या म्हणाल्या. "जे ठावं हाय तेवढंच सांगत्याल. लई न्हाई, कमी न्हाई."

त्यांनी तसंच केलं. पुरवणी जबाब झाला. पुढच्या आठवड्यात पिकअपचा चालक सापडला. ट्रक सुटला. सदाचं नाव कागदावरून निघायला अजून वेळ आहे. तारखा पडतील, आणि प्रत्येक तारखेला मी येणार आहे.

परतताना मी ट्रकच्या केबिनमध्ये, सदाच्या शेजारी बसले. एवढ्या उंचावरून रस्ता मी आधी कधी पाहिला नव्हता. समोरच्या मोटारसायकलवाल्याची पाठ केवढी लहान दिसते, आणि ती पाठ दिवसभर डोळ्यांत धरून चालवणं काय असतं, हे कोर्टातल्या कागदांत कधी आलं नाही. भोसरीपाशी एक दुचाकी अंगावर घुसली. सदानं शिवी दिली नाही. वेग कमी केला, तिला पुढं जाऊ दिलं आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.