बारवेतलं घराणं आणि मामाची खोली

आमच्या सेलूत उन्हाळा असा पडतो की दुपारी सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. त्या उन्हात, मामाच्या खत-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत, युरियाच्या वासात, आम्ही चौघं दर रविवारी दार लावून बसायचो आणि मंत्र मारायचो. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहितोय. ज्यांना घाबरायचंय त्यांनी इथंच घाबरून घ्यावं.

बाकीच्यांसाठी खुलासा. तो एक खेळ होता. टेबलाभोवती बसायचं. एकानं एक आख्खं जग सांगायचं, तो मी, कारण थापा मारण्यात पूर्णेपासून जालन्यापर्यंत माझा हात धरणारा कुणी नाही. बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. कुणी म्हणालं, "मी भिंतीवरून उडी मारतो," तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की उडी जमली, एक आला की तंगडी मोडली. हा खेळ खेळणाऱ्या शहरातल्या पोरांच्या जगात बर्फाचे डोंगर असतात आणि दगडी मनोरे असतात. आम्ही बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात. म्हणून आमचे मांत्रिक राहायचे बारवेत.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर; यांची सात मजल्यांची, खाली खाली जाणारी. प्रत्येक मजल्यावर एक विद्या. वरच्या मजल्यावर हवेची, मग बियांची, मग हाडांची, असं करत सगळ्यात खाली पाण्याची. घराणं जुनं, विद्वान आणि भयंकर माणूसघाणं. वर यायचंच नाही. राजाच्या पोरीचं लग्न असो की शेजारच्या प्रधानाच्या नातवाचं बारसं, यांचा निरोप एकच: "येत न्हाई." लोक म्हणतात मंत्रानं आग लागते, वीज पडते. अहो, आमच्या भागात भावकीच्या लग्नाला "येत नाही" म्हणून सांगायचं आणि तरी जिवंत राहायचं, याहून मोठी जादू कोणती?

शिवाय त्यांचा एक रिवाज होता. कुठलाही मंत्र मारण्याआधी घरातल्या सगळ्यांसमोर वाद घालून तो बरोबर आहे हे पटवून द्यायचं. विरोधात एक जरी उरला तरी मंत्र नाही. एकदा बारवेवर फौज चालून आली. आग पाडायची की नाही यावर यांचा वाद इतका रंगला की वर वेढा घालून बसलेल्या सैनिकांना तिथंच नातवंडं झाली आणि ते शेती करायला लागले. असे आमचे मांत्रिक.

हे घराणं मूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ते माझ्या मामेबहिणीचं. म्हणजे ज्याची खोली त्याच मामाची पोरगी. एमएस्सी झालेली, परीक्षांचा अभ्यास करत घरी बसलेली. आठवडाभर घरात कुणी ना कुणी यायचं आणि तिनं चहा घेऊन बाहेर यायचं. रविवारी ती त्या घराण्यातली थोरली आत्या व्हायची, हाडांच्या विद्येची, आणि कुणालाच चहा द्यायची नाही. दुसऱ्या होत्या बाई, पाथरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. जीपमध्ये अकराव्या माणसाच्या मांडीवर दप्तर ठेवून त्या सेलूला यायच्या. तिसरा मेडिकलवाला. दिवसभर लोकांना खोकल्याची औषधं देऊन कंटाळलेला हा गडी खेळात घराण्याचा द्वारपाल होता.

आणि आमच्या टेबलाचाही एक कायदा होता. फासे डब्याबाहेर असतील तोवर कुणी स्वतः म्हणून बोलायचं नाही. तहान लागली तरी "हे बंधो, तो तांब्या इकडे" असंच म्हणायचं. स्वतःच्या तोंडानं बोलायचं असेल तर आधी फासे डब्यात टाकायचे. आमचा सत्यानाश झाला तो या कायद्यानं.

एरवी आमचं ओरडणं कुणाला ऐकू जायचं नाही, कारण भिंतीला लागून पिठाची गिरणी. ती सुरू असली की मेलेल्या माणसाचेही दात वाजतात. पण त्या रविवारी लाइट गेली आणि गिरणी बंद पडली. दळण घेऊन आलेली बायामाणसं सावलीत शांत बसली. आम्ही वर वादात इतके बुडालो होतो की गिरणी थांबलेली कळलीच नाही. वाद असा होता की घराण्यातल्या एका मेलेल्या पंडितानं एक पोथी कुठं ठेवली ते विचारायला त्याचं मढं उठवावं की नाही.

"मढं आजच उठवा!" मेडिकलवाला गिरणीच्या अंदाजानं गरजला.

"आधी त्याचं हाड आणा माझ्याकडं!" माझी बहीण त्याहून मोठ्यानं.

"आणि रगत किती लागंल?" बाईंचा खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

खाली म्हणे एका बाईच्या हातातून ज्वारीचा डबा सुटला. दहा मिनिटांत अर्धी गल्ली जमली. पंधरा मिनिटांत उरलेली. माझ्या हिशोबानं पोखर्णीहून देवदर्शन करून परतणारी एक एसटीसुद्धा थांबली होती, पण ते राहू द्या. एवढ्या गर्दीतून मामा जिना चढून आला आणि त्यानं दार बडवलं.

"कोण हाय रे आत? काय चालू हाय?"

आता, फासे टेबलावर होते. कायदा म्हणजे कायदा. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. डब्याकडं हात जाण्याआधीच आमचा द्वारपाल उभा राहिला, छाती फुगवली आणि म्हणाला, "इथं सात पिढ्यांचे मांत्रिक राहतात. उलट्या पावली परत जा, नाहीतर तुझी हाडं आत्याबाईंकडं जातील."

बाहेर अख्खा जिना एक पायरी मागं सरकल्याचा आवाज आला.

मी पळत जाऊन दार उघडलं. मामा दारात. त्याच्या मागं जिना भरून माणसं. त्याची नजर टेबलावरून फिरली. वीस बाजूंचे फासे, बारवेचा नकाशा, त्यावर खडूनं काढलेली वर्तुळं. मग स्वतःच्या पोरीवर येऊन थांबली.

"भाच्या," मामा म्हणाला, "तुझं डोकं फिरलेलं हाय हे मला तू पाळण्यात असल्यापासून म्हाईत हाय. पण हिला कामून वढलंस यात?"

"मामा, खेळ हाय ओ," मी म्हणालो. "सापशिडीवानी."

"सापशिडीत मढं उठवतेत व्हय रे?" जिन्यावरून गिरणीवाला. "रगत मोजायल्ते! माझ्या ह्या कानानं ऐकलंय!"

"तुमच्या कानात पीठ गेलंय," मेडिकलवाला म्हणाला, "थेंब देतो, या दुकानात."

दोघं-चौघं हसले. मामा हसला नाही. तो खरंच घाबरला होता, आणि ते करणीला नव्हे. चारच दिवसांनी जिंतूरकडचे पाव्हणे पोरीला बघायला येणार होते. बंद खोलीत करणी करणारी पोरगी म्हणून एकदा नाव झालं की पुढं कोण येतंय? त्यानं आवाज खाली घेतला.

"हे बघा. उद्या सकाळी सगळे पोखर्णीला चला. नरसिंहाम्होरं हात ठेवून सांगा की आमी करणी-फिरणी करत न्हाई. गल्लीसमोर. मग बसा हितं, दार उघडं ठेवून. न्हाईतर आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा."

खोटं कशाला बोलू, सौदा सोपा होता. एक शपथ, आणि तीही खरी. खोली गेली तर आम्हाला सेलूत दुसरी जागा नव्हती. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान म्हणजे पत्र्याची भट्टी. तिथं मे महिन्यात फासा टाकला तर घामानं घसरून दोन आकडे पुढं जाईल.

बाई आधी बोलल्या. "मामा, आळ घेतला ह्यांनी आन शपथ आमी घ्यायची, हे कुठलं गणित? उद्या कुणाची म्हैस आटली की परत बोलावताल. आन शपथ मोडली म्हणताल."

"मॅडम, तुमी गावच्या न्हाईत. तुमी उद्या जीपमदी बसून जाताल."

"जागा भेटली तर," बाई म्हणाल्या.

मामानं पोरीकडं पाहिलं. "तू सांग. तू शानी हायस."

माझ्या बहिणीनं एकेक फासा उचलला आणि डब्यात टाकला. खडखड खडखड. झाकण लावलं. तेव्हा आम्हा तिघांना कळलं की आता आत्याबाई नाही, ती स्वतः बोलणार.

"आबा, मी येत न्हाई."

"अगं, खरं तेच तर सांगायचंय!"

"खरं हाय म्हणून तर कुणाम्होरं सांगायचं न्हाई मला. मी चोरी केली का? आन दार उघडं ठिवून बसायचं तर घरी बसलेलीच हाय की मी. रोज कोण ना कोण येऊन बघून जातंय." जिन्यावरची माणसं खाली बघायला लागली. "पाव्हण्यांना तुमीच सांगा. पोरगी रविवारी दार लावून बसती. ऐकून जे येतेल ते येऊ द्या."

"आन कुणीच आलं न्हाई म्हंजे?"

"म्हंजे रविवार मोकळाच हाय मला."

मी मामाला तलाठ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना गप्प करताना पाहिलंय. पोरीपुढं त्यानं फक्त खिशातून कुलूप काढलं.

आम्ही टेबल उचलायला गेलो, तर म्हणाला, "टेबल माझं हाय." खुर्च्या? त्याही त्याच्याच. बरं, नकाशा घेतला, डबा घेतला आणि खाली उतरलो. गल्लीनं आम्हाला एवढी मोठी वाट करून दिली की त्यातून उसाचा ट्रॅक्टर गेला असता. मेडिकलवाल्यानं जाता जाता गिरणीवाल्याकडं बघून बोटं नाचवली. गिरणीवाला स्वतःच्याच पिठाच्या पिंपात बसला. हे मी पाहिलंय. कुणी काही म्हणो.

जिंतूरचे पाव्हणे आले. मामानं त्यांना काही सांगितलं नव्हतं, ते काम पोरीनंच केलं. मुलाच्या आईनं विचारलं, "फावल्या वेळात काय करतीस, बेटा?" तर ही म्हणाली, "दर रविवारी भावाकडं जाती आन दार लावून बसती." पुढं काय करतीस ते त्या माउलीला लय विचारावंसं वाटलं असणार. पोहे गिळले आणि गेले. मामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. गल्लीत अजूनही कुणाची गाय लाथ मारायला लागली की दोन बोटं आमच्याकडं वळतात. वळू देत. आम्ही कुणाला काही समजावायला जात नाही आणि शपथेला तर मुळीच जात नाही.

आता आम्ही माझ्या दुकानामागं पत्र्याखाली बसतो, फरशीवर, आणि बाई आहेत म्हणून चड्डी-बनियनवर न येता. इतकं उकडतं की बारवेतलं पाणी नकाशावरून वाफ होऊन उडतं. पहिल्याच रविवारी मी म्हणालो, "वारं तरी येऊ द्या, दार जरा ढकलून ठेवू."

बहीण उठली, दाराशी गेली आणि आतून कडी घातली.