डावा कान, उजवा कान

मावशीचा आवाज गेला तेव्हा तिच्या नातीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं होतं. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. माझी मावशी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. ती धवले गाते आणि गाता गाता एकेक विधी लावून देते. कल्याणच्या आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं मावशीच्या गळ्यावर लागली. हल्ली हळदीला डीजे असतो आणि धवले मोबाइलवर लावून मोकळे होतात. नातीने मात्र मला फोन करून बजावलं, "आत्या, मांडवात आजीचाच आवाज पाहिजे हां. नेटवरचे धवले लावलेत ना, तर मी उभीच राहणार नाही."

आजीचा आवाज होता एका कॅसेटमध्ये. माझ्या वडिलांना टेपचं वेड. एका लग्नात त्यांनी दोन माइक लावून धवले टेप केले होते, एक मावशीसमोर आणि एक तिच्या मागे बसलेल्या बायकांसाठी. त्यानंतर ती कॅसेट आमच्याकडे इतकी वाजली की फीत जागोजागी चुरगळली. आता ती अजून किती वेळा वाजेल, देव जाणे. कदाचित एकदाच. तेवढ्यात ती लॅपटॉपमध्ये उतरवायची होती आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरातली 'कम्प्युटरवाली' मी. बँकेत दिवसभर कम्प्युटरसमोर बसते, एवढीच माझी पात्रता.

वाचायला बसले तेव्हा कळलं की कॅसेटवर आवाज सलग असतो, आणि संगणकाला सलग काही समजत नाही. त्याला आकडे लागतात. म्हणून मध्ये एक डबी लागते. ती आवाज मोजते. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मावशी एक 'आ' लावायची आणि तो पुरा व्हायच्या आत कुणीतरी त्याला लाखभर वेळा हात लावून पाहणार होतं! माजिवड्याच्या माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळताना मी उगीचच 'आ' करून बघितलं.

आश्चर्य करावं तेवढं थोडंच, पण अक्कल कुठे होती? ऑनलाइन मागवलेली पहिली डबी उलटी निघाली. लाल-पांढरी भोकं दिसली, मी घेतली. भोकं आवाज आत घेणारी की बाहेर सोडणारी हे बघायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन दिवस वायरी उपटत-खुपसत होते आणि लॅपटॉपला शिव्या घालत होते. शेवटी डबी पर्समध्ये टाकून कल्याणला एका जुन्या दुकानात गेले. दुकानदाराने ती उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मॅडम, ही बोलणारी आहे. तुम्हाला ऐकणारी पाहिजे."

हा माणूस मला तिथेच आवडला. तरी हट्ट कसा जाणार? म्हटलं, मग डबी हवीच कशाला, टेपची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात सरळ खुपसते की.

"त्या भोकाला एकच कान असतो. टेपला दोन. एका कानातलं फुकट जाईल."

"जाऊ दे. आमच्या टेपचा उजवा स्पीकर मला कळतंय तेव्हापासून मुकाच आहे."

"स्पीकर मुका असेल. कॅसेट मुकी कशावरून?"

दोन कानांची, ऐकणारी डबी घेऊन मी निघाले.

रविवारी दुपारी मानपाड्याला आईकडे सगळा थाट मांडला. मावशीलाही आणलेलं. माझी आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. शिकली, नोकरीला लागली, बिल्डिंगमध्ये राहायला आली आणि गावची बोली तिने तोंडातून पार धुऊन काढली. आम्ही 'हाय' म्हटलं की ती 'आहे' म्हणून घ्यायची. धवल्यांचा विषय निघाला की म्हणायची, "मला त्यातलं काही येत नाही. ते ताईचं."

टेपच्या मागून दोन वायरी डबीत, डबीची वायर लॅपटॉपमध्ये. दुसरीच एक कॅसेट लावून आवाजाची पातळी बसवून घेतली. पडद्यावरच्या रेघा लाल झाल्या की आवाज फाटतो म्हणे. मग मी हुकूम सोडले. पंखा बंद. कुकर बंद. खिडक्या बंद. कुणी बोलायचं नाही, रेकॉर्डिंग आहे! आवाज वायरीतून जाणार होता, खोलीतून नाही, हे तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. घामाने निथळत आम्ही मूर्तीसारख्या बसलो. मी हेडफोन लावला आणि बटण दाबलं.

मावशीचा आवाज आला. ती समोर बसलेली, गळ्याला पांढरा रुमाल, आणि माझ्या डाव्या कानात तिचा तो खणखणीत गळा. पडद्यावर तिच्या आवाजाचे डोंगर उठत होते. आणि तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी कुजबुजलं.

आई उजवीकडेच बसलेली. मी डोळे वटारून म्हटलं, "शूऽऽ! आई, गप्प ना!"

"मी कुठे बोलले?"

तिचे ओठ मिटलेले होते. कुजबुज चालूच होती.

मी पडद्याकडे पाहिलं. मावशीच्या डोंगरांखाली दुसरी रांग होती, बारक्या टेकड्यांची. प्रत्येक टेकडी डोंगराच्या जराशी आधी उठत होती. उजव्या कानात एक कोवळा आवाज हळूच सांगायचा, "पयलं आवतान देऊ गो गावदेवी आईला," आणि मग डाव्या कानात मावशी तीच ओळ उचलून आभाळाला नेऊन भिडवायची. ओळ न् ओळ. गावोगावी नावाजलेल्या धवलारणीला मागे बसून कुणीतरी शब्द पुरवत होतं. तो आवाज मी ओळखला. याच आवाजाने मला पाढे म्हणायला लावले होते. फक्त त्याच्या तोंडी 'गो' मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

हेडफोनची वायर उपसली आणि आवाज खोलीत सोडला. मावशी आधी दचकली, मग तिने आईच्या मांडीवर अशी थाप मारली की आई कळवळली. मावशी बिनआवाजाची हसत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आजारपणापासून धवल्यांचं नाव निघालं की ती आईकडे बोट दाखवायची आणि आम्ही प्रत्येक वेळी तिला पाणी आणून द्यायचो. काय मूर्ख होतो आम्ही!

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "लहानपणापासून हिच्या मागे बसायचे. ही विसरायची मधेमधे. तेवढंच."

टेप चालू होता. आईचे ओठ हलायला लागले, कुजबुजीच्याही आधी. मावशी सरकत पुढे आली आणि तिने टेपचं बटण हलकेच दाबलं. आईला पत्ताच नव्हता. ती म्हणत राहिली, थोडी बेसूर, थोडी घाबरी, 'हाय' आणि 'गो'सकट. टेप थांबलाय हे तिला तीन ओळी झाल्यावर कळलं. ती थबकली. मावशीने तिच्या हनुवटीला हात लावला आणि मान हलवली. पुढे.

आईने पुढची ओळ घेतली. पडद्यावर दोन्ही रेघा सपाट धावत होत्या. डबीला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं, आणि मी जागची हललेही नाही.