‘उलटे पंखे’ बँडचे गादीवाले

तर ड्रमच्या पोटात कापूस ठासून झाला, इथवर काल आलो होतो, आणि ‘ड्रममध्ये कापूस कशाला?’ असं विचारून तुम्ही मला अडवलं होतं. सांगतो. टीव्हीवर एक मालिका यायची होती, तिच्यात चारजणांचा रॉक बँड. नाव ‘उलटे पंखे’. बँड खोटा, वाजवणारे नट. गाणी तेवढी खरी, ती आधीच कुठल्याशा बंद खोलीत वाजवून घेतलेली. कॅमेऱ्यासमोर नटांनी त्या गाण्यांवर नुसते हात हलवायचे. त्यात ड्रम खरोखर वाजला तर सगळाच बट्ट्याबोळ. म्हणून आमच्या गादीवाल्यांना बोलावणं आलं, की बाबा, एवढा ड्रम मुका करून द्या.

आमचे गादीवाले म्हणजे कापसातच जन्मलेला माणूस. अंगानं भरदार, भुवयांवर कायम पांढरी लव, आणि हसले की ती उडायची. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. ते दोन हातांत दोन काठ्या घेऊन कापूस झोडपायला बसले की पलीकडून धप धप, धपाधप धप. मला ताल म्हणजे गावच्या शाळेत पाढे म्हणताना मास्तर टेबलावर पट्टी आपटायचे तेवढाच ठाऊक. पण त्या धपधपीवर माझा हवेचा पंपसुद्धा आपोआप चालायचा.

तर गादीवाल्यांनी ड्रम भरले, ड्रमशेजारच्या पितळी थाळ्यांना खालून रबर लावलं आणि उरलेल्या कापसाच्या पोत्यांजवळ कोपऱ्यात बसून राहिले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? ड्रमवर बसवलेला नट दिसायला राजबिंडा, पण गाणं पूर्वेला तर याचे हात पश्चिमेला. दिग्दर्शक डोकं धरून बसला. आणि धरल्या डोक्यानंच त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. गादीवाले आपल्या नादात पोत्यावर काठ्या हाणत होते, आणि गाण्यातला एकेक ठोका नेमका काठीखाली येत होता.

“कोण हो तुम्ही?”

“गादीवाला.”

“हे गाणं आधी ऐकलंय?”

“आत्ताच की. तुम्ही पुन्हा पुन्हा लावताय ना.”

“मग हात बरोबर कसा पडतो?”

“साहेब, कापूस झोडताना हात चुकला तर काठी गुडघ्यावर बसते. आता काही चुकत नाही.”

झालं! डोक्यावर केसांचा टोप, अंगात काळं जाकीट, आणि गादीवाले ड्रमवर. राजबिंड्याला गिटार दिली. गिटार चुकली तर कुणाच्या बापाला कळतंय?

मालिका जी सुरू झाली ती वर्षानुवर्षं चालली. न्हाव्याच्या दुकानात भांडणं, की ‘उलटे पंखे’मध्ये भारी कोण. कुणी गाणारीच्या बाजूनं, कुणी गिटारवाल्याच्या. आमच्या रस्त्यावर मात्र ड्रमवाल्यांपुढे दुसऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. नवी लग्नं झालेली जोडपी लांबून गादी करून घ्यायला यायची आणि गादीपेक्षा गादीवाल्यांकडेच बघत बसायची.

आता गादीवाले पडले सरळ. येईल त्याला सांगायचे, “आवाज माझा नाही हो. वाजवणारे वेगळेच आहेत. माझ्या ड्रममध्ये कापूस आहे.”

की लोक लगेच एकमेकांना कोपरानं ढोसायचे, “बघ, एवढा मोठा कलावंत, पण गर्व म्हणून नाही!”

शेवटी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वैतागल्या. “अहो, आता आणखी खरं बोलू नका. लोक पाया पडायला लागतील.”

आम्ही हसायचो, पण त्यांना ते टोचायचं. चहा पिताना मला म्हणायचे, “सायकलवाले, त्या माणसाच्या ताटातलं मी जेवतोय. तो मला चोर म्हणत असेल का हो?” त्यांनी त्याचा शोध घेतला, नाही असं नाही. पण मालिकेच्या शेवटी नावं अशी भुर्रकन पळायची की वाचणाऱ्याची मान मोडावी. आणि तिथल्या माणसांना विचारलं तर ते म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही हात हलवा.

मग मालिका संपली. टोप गेला, जाकीट वहिनींनी पेटीत ठेवलं. टोचणी काही गेली नाही.

एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. एक सडपातळ म्हातारा कमरेवर हात ठेवून हळूहळू पायरी चढला. “कडक गादी हवी. पाठ गेलीय.” एवढं बोलून भिंतीवरच्या ‘उलटे पंखे’च्या फोटोसमोर उभा राहिला.

“जिन्यावरच्या गाण्यात मोठी थाळी तुम्ही उशिरा मारलीत,” तो म्हणाला.

“उशिरा? कशावरून?” गादीवाल्यांना राग आला. त्या थाळीवर त्यांची फार माया.

“मी वेळेवर मारली होती.”

टाके घालायची सुई त्यांच्या हातात तशीच राहिली. मग एकदम गडबडले. “बसा, बसा! तिथं नाही, या नव्या गादीवर बसा. अहो, किती शोधलं तुम्हाला! टाळ्या मला मिळाल्या, पण त्या तुमच्या होत्या. मी लोकांना सांगत होतो हो, अगदी शपथेवर...”

“खरंच सांगत होते,” वहिनी दारातून म्हणाल्या. “सांगून सांगूनच मोठे झाले.”

पाहुणा बसला. “टाळ्यांचं मला काही नाही. मी जन्मभर भिंतीकडे तोंड करून वाजवलं. माझी नात मालिका बघताना म्हणायची, आजोबा, तुम्ही टीव्हीत किती जाड दिसता! मला बरं वाटायचं.”

गादीवाल्यांचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, “पण एक सल आहे. अगदी शेवटच्या गाण्यात वाजवताना माझा हात अडखळला होता. एक ठोका गेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला कळलं नाही, गाणारीला कळलं नाही. आणि तुम्ही नेमके तिथंच हसलात! साऱ्या जगासमोर. गादी काय, कुठंही मिळते. मी तेवढंच विचारायला आलोय. का हसलात?”

मी कप खाली ठेवला. वहिनींनी पदराचं टोक धरलं. गादीवाल्यांचे डोळे भरून आले होते, पण तोंडावर तेच हसू होतं. ते म्हणाले, “अहो, तुमची चेष्टा कशाला करीन? इतकी वर्षं कानात तुमचा हात ऐकत आलो. कधी चुकायचा नाही, कधी दमायचा नाही. वाटायचं, हा माणूस आहे की यंत्र, आपण कुठले पुरे पडणार! त्या दिवशी तुम्ही ठेचकाळलात आणि मला पहिल्यांदा तुम्हाला गाठता आलं. माणूस भेटला म्हणून हसलो हो, दुसरं काय? आता पालथे पडा बघू इथं. पाठ कुठं दुखते ते दाखवा, तसा कापूस भरतो.”