काकूची पिशवी

मित्रांनो, आज समुद्रपूरला कमलकाकूकडे गेलो होतो. तिच्या नातसुनेला, पूजाला, टीबी निघालाय. नातू तिची पिशवी भरत होता. बरी होईपर्यंत माहेरी राहू दे म्हणे! मी तावातावानं सुरू झालो, तर काकूनं मलाच गप्प केलं. "तू सभेत बोलजो."

मग नातवाला विचारलं, "तुह्ये कपडे काऊन नाई ठेवले त्याच्यात?"

सत्तरच्या दशकात काकूलाही क्षय झाला होता. अंगाची काडी झाली, तेव्हा सासूनं तिला माहेरी धाडलं. त्याच एसटीत आपली पिशवी घेऊन काका चढले. सासुरवाडीत राहिले, तिला सायकलवर बसवून इंजेक्शनला नेत राहिले. गाव घरजावई म्हणून हसलं. काकू ठणठणीत झाल्यावरच दोघं परतले.

"हसले तं हसले," काकू म्हणाली, "मी वाचली ना."

पूजा हळूच म्हणाली, "दोघांचे कपडे याच्यात मावत नाई."

नातवानं पिशवी रिकामी केली आणि पूजाचे कपडे परत कपाटात ठेवले.

क्षय औषधानं बरा होतो. मग आजारी बाईची पाठवणी कशासाठी? तुमच्या घरून अशी पिशवी निघाली असेल, तर सांगा, सोबत कोण गेलं होतं?