चार चुलींचा एक गणपती

पेणजवळ जोह्याला गणपतीच्या मूर्तींचा एक कारखाना आहे. तिथला परदेशी जाणारा माल मी सांभाळते. मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, डोळ्यांची आखणी करणारे वेगळे. माझ्या वाट्याला खोकी, कागदपत्रं आणि याद्या. पाऊस लागायच्या आत माल बोटीवर चढला की माझं वर्ष सुटलं.

युरोप मला कळला तो या टेबलावरून. आमचा कंटेनर तिकडच्या एका मोठ्या बंदरात उतरतो. तिथे एकदा कागद तपासले की जर्मनीची खोकी जर्मनीला, फ्रान्सची फ्रान्सला, ट्रकमधून. वाटेत कोणी अडवत नाही. पूर्वी ब्रिटनची खोकीही त्यातच असायची. मग तो देश बाहेर पडला आणि मला त्यांची वेगळी यादी, वेगळे कागद करावे लागले. आपला कारभार आपल्या हातात घेतला म्हणून तिकडे कोणी पेढे वाटले असतील, कोणी रडलं असेल. माझ्याकडे एक फाइल वाढली.

सुरुवातीला आम्ही एक चूक केली होती, तीही इथेच सांगते, कारण पुढे लागेल. पुण्याला मूर्ती पाठवायचो तशाच, भाताच्या पेंढ्यात बसवून, आम्ही त्या युरोपला पाठवल्या. आमच्याकडे पेंढ्याला काय तोटा. तिकडे सगळा माल अडकला. पेंढ्यातून कीड येते म्हणे. तेव्हापासून गवत, बी, धान्य यांचं सीमेवर काय होतं ते मला पाठ आहे.

माझा धाकटा भाऊ आयर्लंडमध्ये औषधांच्या कंपनीत आहे. आधी रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायचा. तिकडे गेला, तिकडच्याच एका नर्सशी लग्न केलं, एक मुलगी झाली. एकदा त्याचा फोन आला.

"ताई, मी इथलं नागरिकत्व घेतोय."

"कागद कोणते लागतात?" मी विचारलं. माझ्या तोंडून पहिलं हेच निघतं.

"ते मी बघतो. तू बाबांना सांग."

"मी खोकी पोचवते. बातम्या नाही."

पण त्याने कारण सांगितलं आणि मला ते पटलं. तिकडे सारखा एक वाद चालू असतो. युरोपातल्या देशांनी आणखी जवळ यायचं का, सैन्य एक करायचं का, कर एकाच ठिकाणी ठरवायचे का. युरोपच्या करारात मोठा बदल असला तर आयर्लंडमध्ये लोकांना मत विचारतात. भाऊ तिथे राहतो, कर भरतो, नगरपालिकेला मतही देतो. या मतदानाला मात्र त्याला बोलावणं नाही.

"सगळे माझ्याशी वाद घालतात, ताई. कँटीनमध्ये घालतात, सासऱ्यांच्या गोठ्यात घालतात. आणि मतदानाच्या दिवशी मी घरी भांडी घासतो. माझ्या पोरीचं कसं व्हायचं ते ठरणार, आणि मला कोणी विचारणार नाही."

अडचण एवढीच की आपला देश दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. तिकडचं घेतलं की इकडचा पासपोर्ट परत.

बाबा रोह्याजवळ, खांब गावाच्या आतल्या बाजूला आमच्या गावी असतात. पावसाळ्यात भात, मग वाल. मी पेणहून गेले तेव्हा अंगणात वाल वाळत घातले होते आणि बाबा ते हाताने हलवत होते. मी एका दमात सांगून टाकलं.

"पासपोर्ट परत करायचा म्हंजे?"

"म्हणजे कागदोपत्री तो त्यांचा झाला."

"आन आपला?"

"एक कार्ड मिळतं. यायला-जायला, राहायला मोकळीक. मत नाही."

"शपथ घ्यायला लागते?"

"लागते."

बाबा वाल हलवत राहिले. मग म्हणाले, "शाळेत हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणायचा. मास्तर मला सांगायचे, तुमच्या पोराचा आवाज रस्त्यापर्यंत येतो."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "औंदा मान कोणाचा?"

त्यांना माहीत होतं. तरी मी सांगितलं, "त्याचाच."

"बघू," ते म्हणाले.

हा मान म्हणजे काय ते सांगते. बाबा आणि त्यांचे तीन भाऊ यांच्या चुली कधीच्याच वेगळ्या झाल्या. शेतं वाटली, विहीर वाटली, गोठ्यात भिंत घातली. गणपती मात्र एक ठेवला. तो दरवर्षी एकेका घरी बसतो. ज्याच्या घरी बसतो त्याचा त्या वर्षी मान. मूर्ती केवढी आणायची, आरती किती वाजता, नैवेद्याला काय, सगळं मानकरी ठरवणार. बाकीच्या तिघांनी राबायचं आणि विसर्जनापर्यंत तोंड उघडायचं नाही. विसर्जन झालं की चारही घरं एकत्र बसतात, आणि मग ज्याला जे खुपलं ते त्याने बोलायचं. वर्षातला हा एकच दिवस आमच्या घराण्यात कोणी कोणाचं ऐकून घेतो.

मूर्ती बसते तांदळाच्या राशीवर. चारही घरांतून आपापल्या शेतातले तांदूळ येतात, एकत्र होतात, त्यावर पाट. विसर्जनाच्या रात्री त्याच तांदळाचा भात सगळे जेवतात. आणि कोणाला वेगळं व्हायचं असेल, आपला गणपती आपल्या घरी बसवायचा असेल, तर घरातल्या सगळ्यात थोरल्याने त्या राशीतून एक ओंजळ त्याच्या पदरात घालायची. ती ओंजळ मिळाली की त्याचा देव वेगळा, मान वेगळा. बदलापूरला गेलेल्या एका चुलत घराला आजोबांच्या वेळी अशी ओंजळ दिली होती. आजही ती मंडळी लग्नाकार्याला येतात, हसतात, बोलतात. विसर्जनानंतरच्या बैठकीला मात्र बाहेर ओटीवर बसतात.

आता चौघांत थोरले बाबाच. त्यांनी आपला मान माझ्या भावाच्या लग्नात त्याला देऊन टाकला होता. तेव्हापासून आमच्या घराची वेळ आली की भाऊ विमानाने येतो आणि सोवळं नेसून पाटावर बसतो.

औंदाही आला. शपथेचा दिवस हिवाळ्यात होता, म्हणजे अजून पासपोर्ट आपलाच होता. बायकोला हॉस्पिटलातून रजा मिळाली नाही, मुलगी तिच्यापाशी राहिली. पण भाऊ सासऱ्यांना घेऊन आला. उंच, लालबुंद माणूस, गायी पाळणारा. मराठीचं एक अक्षर नाही. दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी बंदर, माल आणि तारखा यांच्यापुरतं, पण दोन शेतकऱ्यांना तेवढं पुरलं.

व्याही पहिल्याच सकाळी बाबांबरोबर गोठ्यात गेले आणि म्हशीच्या कासेला हात लावून बघून आले. तेव्हापासून बाबांनी त्यांना आपल्यात घेतलं. दुपारी ओटीवर बसले असताना बाबांनी मला सांगितलं, "विचार गो त्यांना. त्यांचं राज्य कोण चालवतं? ते का युरोप?"

व्याह्यांनी मोठा श्वास घेतला. हा त्यांचा आवडता विषय निघाला. शेतात शेण कधी पसरायचं ते युरोप ठरवणार, ओढ्यापासून किती लांब तेही युरोप ठरवणार, असं त्यांनी बराच वेळ सांगितलं. मी थोडक्यात सांगितलं.

"शेण यांचं, शेत यांचं," बाबा म्हणाले, "आन तारीख लांबून?"

"हो."

"मग बाहेर का नाय पडत?"

मी विचारलं. व्याही हसले. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी त्यांच्या मालाला शेजारचं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, आणि त्याच शेजाऱ्याने त्यांच्यावर राज्यही केलं होतं. युरोपात गेल्यावर त्या शेजाऱ्याशी ते एका टेबलावर बसून बोलायला लागले. रस्ते झाले, दुधाला भाव आला. पुढे शेजारी उठून गेला, हे बसून राहिले. आता युरोपने एक सैन्य करायचं म्हटलं तर मात्र ते विरुद्ध मत देणार. आपलं पोर कोणाच्या लढाईत जायचं ते आपण ठरवायचं. पण टेबल सोडणार नाहीत.

"विरुद्ध मत देणार, आन राहणार तिथंच," बाबा म्हणाले.

"त्याशिवाय विरुद्ध मत देणार कुठे, असं म्हणतायत."

बाबांनी मग आपला गणपती समजावला. चार चुली, एक देव. व्याह्यांनी नीट ऐकून एकच प्रश्न केला: मूर्तीची उंची कोण ठरवतं? मी तो मराठीत सांगितला आणि आतून काकू इतकी हसली की तिचं पुरण करपता करपता राहिलं. कारण आमच्याकडे खरं भांडण तेच आहे. मधल्या काकांना मोठी मूर्ती हवी असते, भावाला छोटी, शाडूची.

मला वाटलं, मिटलं. पण गौरी जेवल्या त्या संध्याकाळी बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाय, इमानातून तांदूळ नेतात का गो? तुला म्हाईत असेल."

माल पाठवणाऱ्या बाईला हा साधा प्रश्न: पेंढा अडकला तसे तांदूळही अडकतात. पण मी हातातलं ताट खाली ठेवलं. तांदूळ कशाला ते मला लगेच कळलं.

"बाबा, त्याला ओंजळ देणार?"

"तो आता त्यांच्यात जाणार. तिथं शपथ घेणार. मग त्याचा देव त्यानं तिथं बसवावा. हितं पाटावर बसून संकल्पात तो कोणत्या देशाचं नाव घेणार?"

"संकल्प भटजी सांगतात. ते गावाचंच नाव घेतात."

"तुझं आपलं कागदासारखं उत्तर," ते म्हणाले. रागाने नाही. थकून.

मी भावाला सांगितलं. न सांगता राहणं मला जमलं नसतं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. म्हणाला, "बदलापूरवाल्यांसारखं ओटीवर बसू मी?"

"तू बाबांशी बोल."

"काय बोलू? पासपोर्ट ठेवतो असं म्हणू? मग तिकडे ओटीवर."

कामाच्या ठिकाणी मला जोडलेलं बरं वाटतं, कागद कमी लागतात. घरात तसं सोपं नसतं. त्याला दोन्हीकडे आत बसायचं होतं, आणि एका बाजूला कायद्याचं दार होतं, दुसऱ्या बाजूला बाप.

गौरीबरोबर गणपती गेला. नदीवरून आल्यावर सगळे रिकाम्या मखरासमोर बसले. रास पाटाखाली तशीच होती. बाबा पुढे सरकले आणि त्यांनी राशीत दोन्ही हात घातले. भाताच्या आधी थोरल्याने रास मोडायची असते, म्हणून कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मला आणि भावाला वाटलं. ओंजळ भरून बाबा तसेच बसले आणि म्हणाले, "आधी कोणाला काय बोलायचं ते बोला."

मधले काका तयारच होते. "पुढच्या साली मान माझा. मूर्ती मी मोठी आननार. हे छोटं पाहुण्याला दिसलंसुदीक नाय."

भाऊ खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, आता हा गप्पच राहणार. पण त्याने मान वर केली.

"मोठी म्हंजे किती, काका? आन बुडवायची कुठं? नदीत गुडघाभर पानी. गेल्या खेपेला तुमचा गणपती दगडावर बसून राहिला व्हता, इसरलात?"

"तू चार वर्षांनी येनार आन आम्हाला शिकवनार?"

"व्हय, शिकवनार. चार वर्षं तेच बघतोय फोनवर. मान तुमचा हाय, मूर्ती तुम्ही ठरवा. पर ती मोठी आनलीत तर पुढच्या बैठकीत मी परत उठनार, सांगून ठेवतो."

"फोनवरून उठनार?"

"फोनवरून."

दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत जात असणार. रोह्याच्या कंपनीत, पेणच्या बाजारात, तिकडच्या कँटीनमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस, आणि भांडायला लागल्यावर जिभेवर फक्त गाव. व्याही माझ्या कानाशी वाकून विचारत होते, काय झालं. मी म्हटलं, "उंची." त्यांनी समजून मान हलवली.

मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या बोटांमधून एक-दोन दाणे खाली पडत होते. ते भावाकडे बघत होते. मग त्यांनी ओंजळ जवळच्या पातेल्यात उलटी केली, भाताच्या पातेल्यात, आणि परत राशीत हात घालून उरलेले तांदूळही त्यातच ओतले.

"जा गो, भात टाक," ते मला म्हणाले. आणि काकांना, "ह्याला वेगळा काढला तर तुझ्याशी भांडणार कोण? मी आता थकलो."

भाऊ उठून विहिरीवर तोंड धुवायला गेला, बराच वेळ लावून आला.

जेवताना बाबांनी त्याला भात वाढला आणि सांगितलं, "शपथ घे. पर मला फोन लावून ऐकवू नको." भाऊ म्हणाला, "नाय ऐकवत." तेवढंच. ते दुःख त्यांनी ठेवून घेतलं, आणि ते त्यांचं होतं.

व्याह्यांनी दोनदा भात घेतला. पुढच्या मानाला, चार वर्षांनी, परत या असं बाबांनी मला सांगायला लावलं. व्याह्यांनी विचारलं, त्या बैठकीत त्यांना उंचीवर मत देता येईल का.

बाबांनी ऐकलं, विचार केला.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "आत बसायचं. बोलायचं बी. मत नाय."