जाऊबाईंची डबी

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे तंबाखूच्या हाडवैरी. थोरले दीर ओझरच्या कारखान्यातून घरी आले की आधी त्यांचे खिसे तपासले जायचे. पुडी सापडली की झालंच! "तोंड सडंल तुमचं! पोरीचं लगीन कोण करील?" शेजारपाजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं.

आणि ह्याच बाई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, कुटून डबीत भरायच्या आणि येताजाता हिरड्यांना मशेरी चोळत बसायच्या. मी म्हटलं, "अहो, ही तंबाखूच की!" तर हसल्या. "येडी का काय तू? भाजली की त्यातलं वाईट सगळं जळून जातं. ही दातांसाठी."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तिखट सोसेना. त्यावर औषध काय, तर मशेरीच! बोट फिरवलं की तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, म्हणून आणखी फिरवायच्या. माझा नुसता जीव जळायचा.

पुढे वसाहतीत तपासणीचं शिबिर भरलं. मी ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"मी? शिवत बी नाय!" खोटं नव्हत्या बोलत, त्यांना तसंच वाटत होतं. मशेरीचं मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी लावून तोंडात पाहिलं आणि नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात लगेच जायला सांगितलं.

घरी येईपर्यंत माझा उद्धार चालला होता. "चारचौघींत अब्रू घालवलीस माझी. कॅन्सर व्हायचा तर ह्यांना होईल, मला कशापायी?" वर्षभर नाशिकला गेल्या नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा तोंडात चमचाही जात नव्हता. शेवटी शेवटी नवऱ्याकडे बोट दाखवून नुसत्या रडायच्या. तंबाखू खातात ते आणि भोगते मी, एवढंच त्यांना म्हणायचं असावं. मला भयंकर राग यायचा, आणि कोणावर काढावा तेच कळायचं नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत गेले, तर त्यांची लेक पाठमोरी बसलेली. हातात आईची डबी, बोट काळं.

"अगं, आई कशानं गेली तुझी?" मी ओरडलेच.

तिनं डबी पदराखाली घेतली. "आईच्या हातची आहे, काकू. एवढी संपेपर्यंतच."